प्रेक्षकाच्या हाती नेमके काय सोपवायचे?

मागील अंकात या सदरात इंटरॲक्टिव्ह म्युझिक व्हिडिओ या प्रकाराची तोंडओळख करून दिली होती. गाणे चालू असताना प्रेक्षक कळ दाबून, बोट फिरवून किंवा स्वतःविषयीची एखादी माहिती पुरवून ज्याचे दृश्य बदलू शकतो, असा व्हिडिओ म्हणजे हा प्रकार. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे पुण्यातली आहेत. काहींत कुतूहल आहे, काहींत स्पष्ट नाराजी आहे, आणि एका पत्रासोबत तर प्रत्यक्ष गाणेच जोडलेले आहे. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. ज्यांचे म्हणणे एकसारखे होते, त्यांची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझ्या नातवाने मला एक परदेशी व्हिडिओ दाखवला. त्यात तो टीव्हीसारखे एकामागून एक चॅनेल बदलत होता आणि गाणे मात्र अखंड चालू होते. करमणूक झाली, हे कबूल करतो. पण हा खेळ झाला. याला दिग्दर्शन कशासाठी म्हणायचे? — निवृत्त शिक्षक, कोथरूड

उत्तर : आपण पाहिलेला व्हिडिओ अमेरिकी गायक बॉब डिलन यांच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ या गाण्याचा असावा. गाणे १९६५ चे आहे आणि हा व्हिडिओ नोव्हेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वानिया हेमन या इस्रायली दिग्दर्शकाने तो केला, आणि त्यामागचे तंत्र योनी ब्लोख या संगीतकाराने स्थापन केलेल्या ‘इंटरल्यूड’ या कंपनीचे होते. त्यात सोळा चॅनेल आहेत. कुठे बातम्या चालल्या आहेत, कुठे स्वयंपाक, कुठे टेनिस, कुठे वस्तूंची विक्री. परंतु प्रत्येक चॅनेलवरचा माणूस त्या क्षणी डिलन यांचीच ओळ ओठांवर आणतो. वृत्तनिवेदिका अर्धी ओळ म्हणते, आपण चॅनेल बदलतो, आणि उरलेली अर्धी ओळ भाजी चिरणारा आचारी पूर्ण करतो.

आता एक साधा हिशेब करू. गाणे सहा मिनिटांहून थोडे मोठे आहे आणि चॅनेल सोळा आहेत. म्हणजे दीड तासाहून अधिक लांबीचे चित्रण करावे लागले. त्यातील कोणताही क्षण इतर पंधरांतील त्याच क्षणाशी जोडला गेला तरी ओळ तुटू नये, ओठ मागेपुढे होऊ नयेत आणि गाण्याचा रोख बिघडू नये, हे पाहावे लागले. सर्वसाधारण व्हिडिओचा दिग्दर्शक एका क्रमाची जबाबदारी घेतो. येथे दिग्दर्शकाने कधीही न पाहिलेल्या असंख्य क्रमांची जबाबदारी त्याच्यावर पडते. त्यातून एक अर्थही निघतो. एकेकाळी तोऱ्यात वावरणाऱ्या आणि आता रस्त्यावर आलेल्या स्त्रीला उद्देशून विचारलेला बोचरा प्रश्न दिवसभर चकचकीत कार्यक्रम दाखवणाऱ्या टीव्हीच्याच तोंडी घातला आहे, आणि चॅनेल बदलून त्यापासून सुटका होत नाही.

खेळाशी असलेला मुख्य फरक वेळेचा आहे. खेळ बहुधा खेळणाऱ्यासाठी थांबतो. तो विचार करीत बसला तर खेळही त्याच्यासोबत बसून राहतो. गाणे कोणासाठी थांबत नाही. दुसरे कडवे येणार म्हटले की ते येतेच, मग प्रेक्षकाने काही केलेले असो वा नसो. या प्रकारातील सगळी अडचण आणि सगळी गंमत या एका गोष्टीत आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरे तिथेच येऊन थांबतील.

प्रश्न : कलाकृती ही कलावंताची असते. काय दिसावे हे प्रेक्षकच ठरवणार असेल, तर दिग्दर्शकाला घरी बसवावे. आपले मत काय? — नाट्यरसिक, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्यासारख्या जुन्या नाट्यरसिकाकडून हा आक्षेप यावा, याचे थोडे नवल वाटले. संगीत नाटकाचा प्रेक्षक कधी गप्प बसला होता? १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांत ‘वन्स मोअर’च्या आरोळ्यांनी पदे लांबत आणि प्रयोग उत्तररात्रीपर्यंत चालत, हे आपल्याकडे घरोघरी सांगितले गेले आहे. नाटकाचा शेवट मात्र प्रेक्षकांनी कधी बदलला नाही. पद पुन्हा म्हणायला लावण्याचा अधिकार त्यांना होता, आणि ते पुन्हा म्हणताना कोणती जागा वेगळी घ्यायची, हा अधिकार गायकनटाचा होता. दोघांच्या अधिकारांच्या मर्यादा दोघांनाही ठाऊक होत्या.

चांगला इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ अशीच वाटणी करतो. या संदर्भात १९६७ साली मॉन्ट्रियल येथील जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात दाखवलेला ‘किनोऑटोमॅट’ हा प्रयोग आठवतो. राडुझ चिंचेरा यांच्या या चित्रपटात प्रत्येक खुर्चीला एक लाल आणि एक हिरवी कळ होती. मोक्याच्या प्रसंगी चित्रपट थांबे, निवेदक रंगमंचावर येऊन पुढे काय व्हावे असे विचारी, आणि बहुमत ज्या बाजूने पडेल तो प्रसंग पडद्यावर येई. प्रत्यक्षात दोन प्रक्षेपक एकाच गतीने चालू ठेवलेले असत, आणि कोणत्या प्रक्षेपकाचे भिंग उघडायचे एवढेच चालकाला करावे लागे. प्रेक्षकांनी काहीही निवडले तरी कथा पुन्हा त्याच वळणावर येऊन मिळत असे आणि शेवटी इमारत जळतच असे.

यात फसवणूक आहे असे काहींना वाटेल. मला त्यात शहाणपण दिसते. प्रत्येक निवडीने कथा खरोखर दुभंगत गेली, तर पाचव्या निवडीपर्यंत बत्तीस वेगळे शेवट चित्रित करावे लागतात, आणि त्यांतील एकतीस एका प्रेक्षकाच्या दृष्टीस कधी पडत नाहीत. चार मिनिटांच्या गाण्यात तर हे निव्वळ अशक्य आहे. म्हणून दिग्दर्शकाला घरी बसवण्याचा प्रश्नच येत नाही. प्रेक्षकाला काय करू द्यायचे यापेक्षा काय करू द्यायचे नाही, हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे अधिक येते.

प्रश्न : मी संज्ञापन शाखेत शिकते आणि प्रकल्पासाठी हा विषय घेण्याचा विचार आहे. कोणत्या दिग्दर्शकांचा अभ्यास करावा, आणि त्यांच्यात फरक काय? — विद्यार्थिनी, डेक्कन परिसर

उत्तर : सुरुवात व्हिन्सेंट मॉरिसे या मॉन्ट्रियलच्या दिग्दर्शकापासून करा. ‘आर्केड फायर’ या बँडच्या ‘निऑन बायबल’ या गाण्यासाठी त्याने २००७ मध्ये केलेली कृती या प्रकारातील आरंभीच्या महत्त्वाच्या कृतींत गणली जाते. तिच्यात फारसे काहीच नाही. काळोखात गायकाचा चेहरा आणि दोन हात दिसतात, आणि आपण स्पर्श केला की हात काही करून दाखवतात. जवळपास रिकाम्या पडद्यावर प्रेक्षक स्वतःहून शोध घेऊ लागतो, हे मॉरिसेने फार लवकर ओळखले. याच बँडसाठी त्याने २०१३ मध्ये ‘जस्ट अ रिफ्लेक्टर’ केला. हैतीमध्ये चित्रित केलेल्या या व्हिडिओत प्रेक्षक आपला फोन संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर धरतो, आणि फोनच्या हालचालीने पडद्यावरील प्रकाश व प्रतिबिंबे हलतात. गाणे प्रतिबिंबाविषयी आहे आणि प्रेक्षकाच्या हातातही एक चकाकणारा पृष्ठभागच आहे. कृती आणि आशय असे एकमेकांना चिकटलेले असणे दुर्मीळ आहे.

त्यानंतर ख्रिस मिल्क आणि ॲरन कोब्लिन या जोडीकडे या. मिल्क हा म्युझिक व्हिडिओतून आलेला दिग्दर्शक, तर कोब्लिन हा माहितीपासून चित्रे घडवणारा कलावंत. कोब्लिनचे नाव आधी ‘रेडिओहेड’ या बँडच्या ‘हाउस ऑफ कार्ड्स’ (२००८) या व्हिडिओमुळे झाले होते. त्याचे दिग्दर्शन जेम्स फ्रॉस्टचे होते, आणि चित्रणासाठी नेहमीचा कॅमेरा वापरलाच नव्हता. लेसर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्रांनी गायकाचा चेहरा आणि परिसर बिंदूंच्या रूपात टिपला, आणि नंतर ते बिंदू कोणालाही वापरता यावेत म्हणून खुले करण्यात आले. पाहणाऱ्याने स्वतःच नवी दृश्ये तयार करावीत, ही कल्पना तेव्हा धाडसाची होती.

मिल्क आणि कोब्लिन यांनी २०१० साली दोन कामे केली, आणि तुमच्या प्रकल्पासाठी त्या दोहोंची तुलना करणे सर्वांत फलदायी ठरेल. पहिले ‘द जॉनी कॅश प्रोजेक्ट’. अमेरिकी गायक जॉनी कॅश २००३ मध्ये निवर्तले. त्यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘एन्ट नो ग्रेव्ह’ या गाण्याच्या व्हिडिओतील एकेक चौकट जगभरच्या लोकांना स्वतःच्या हाताने रेखाटण्यासाठी देण्यात आली. हजारो अनोळखी हातांनी काढलेल्या या चौकटी सलग धावू लागल्या की गायकाचा चेहरा थरथरत राहतो. मृत्यूलाही न जुमानणाऱ्या माणसाचे गाणे, आणि त्याला चौकटीचौकटीने पुन्हा उभे करणारे चाहते: प्रेक्षकाची कृती येथे श्रद्धांजलीच होते.

दुसरे काम ‘द वाइल्डरनेस डाउनटाउन’, ‘आर्केड फायर’च्या ‘वी यूज्ड टू वेट’ या गाण्यावरचे. प्रेक्षकाने आपण लहानाचे मोठे झालो त्या घराचा पत्ता द्यायचा. मग पडद्यावर एकेक खिडकी उघडत जाते, एक मुलगा धावत असतो, पक्षी उडतात, आणि गुगलच्या नकाशांतून उचललेली आपल्याच गल्लीची दृश्ये त्यात मिसळतात. शेवटी तुमच्या जुन्या अंगणात झाडे उगवू लागतात, आणि लहानपणीच्या स्वतःला एक पत्र लिहायला सांगितले जाते. एचटीएमएल ५ या वेबपाने घडवण्याच्या तेव्हाच्या नव्या तंत्राचे हे प्रात्यक्षिक होते. परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते आपले घर.

येथे एक पुणेरी टीप जोडावीशी वाटते. २०१० साली नारायण पेठेतील वाड्याचा पत्ता दिला असता, तर वरून दिसणारे उपग्रहचित्र मिळाले असते, गल्लीतून दिसणारे घर मिळाले नसते. गुगलची रस्त्यावरून घेतलेली दृश्यसेवा भारतात जुलै २०२२ मध्ये रीतसर सुरू झाली, आणि पहिल्या दहा शहरांत पुणे होते. तोवर अनेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे प्रेक्षकाच्या आठवणीवर उभारलेली कृती प्रत्यक्षात एका कंपनीची गाडी कोणत्या देशातील कोणत्या रस्त्यांवरून फिरली, त्यावर अवलंबून होती. प्रकल्पात हा मुद्दा अवश्य घ्या.

उरलेल्यांपैकी ‘वी आर फ्रॉम एलए’ या नावाने काम करणाऱ्या दोन फ्रेंच दिग्दर्शकांचा फॅरेल विल्यम्सच्या ‘हॅपी’ या गाण्यावरील चोवीस तासांचा व्हिडिओ (२०१३) पाहण्यासारखा आहे. चार मिनिटांचे गाणे ३६० वेळा वाजते, घड्याळाचा काटा फिरवून आपण दिवसाच्या कोणत्याही प्रहरात शिरू शकतो, आणि तेथे कोणीतरी नाचत असतेच. कल्पना एका ओळीत सांगता येते, हे तिचे बळ आहे. ॲम्स्टरडॅमच्या ‘मोनिकर’ या स्टुडिओने त्याच वर्षी ‘लाइट लाइट’ या बँडच्या ‘किलो’ गाण्यासाठी केलेल्या ‘डू नॉट टच’मध्ये आपल्या आधी येऊन गेलेल्या प्रेक्षकांचे माउसचे बाण पडद्यावर मुंग्यांसारखे फिरताना दिसतात. आपण एकटे पाहत असतो आणि तरीही गर्दीत असतो. कोणी सूचना पाळतो, कोणी मुद्दाम मोडतो. मला स्वतःला हे काम ‘हॅपी’पेक्षा अधिक आवडते, कारण त्याचा खर्च कमी आणि निरीक्षण अधिक आहे.

प्रश्न : आपण दिलेली बहुतेक उदाहरणे २००७ ते २०१३ या काळातली आहेत. मग या प्रकाराचा ‘उदय’ झाला म्हणायचे की अस्त? — संगणक अभियंता, हिंजवडी

उत्तर : आपली शंका रास्त आहे. २०१० च्या आसपासची लाट पैशांवर उभी होती, आणि तो पैसा बव्हंशी संगीत कंपन्यांचा नव्हता. ‘द वाइल्डरनेस डाउनटाउन’, मिल्कनेच २०११ मध्ये केलेला ‘थ्री ड्रीम्स ऑफ ब्लॅक’, ‘ओके गो’ या बँडचा ‘ऑल इज नॉट लॉस्ट’ आणि ‘जस्ट अ रिफ्लेक्टर’, या सर्वांमागे गुगल होते. आपला क्रोम ब्राउझर काय करू शकतो, हे त्या कंपनीला दाखवायचे होते. दाखवून झाले आणि हात आखडता झाला.

दुसरे कारण फोन. प्रेक्षक संगणकावरून फोनवर गेला, आणि आयफोनवर २०१६ पर्यंत, म्हणजे आयओएस १० येईपर्यंत, ब्राउझरमधील व्हिडिओ आपोआप पूर्ण पडदा व्यापत असे. त्यावर कळा किंवा चित्रे ठेवून खेळण्याची सोय नव्हती. तिसरे कारण यूट्यूब. गाणे किती जणांनी पाहिले याची मोजदाद तेथे होऊ लागली, आणि स्वतंत्र संकेतस्थळावर राहणारा व्हिडिओ त्या मोजणीत येत नाही. यूट्यूबवर पूर्वी दृश्यावर दुवे चिकटवून छोटे पर्याय देता येत. नवे दुवे जोडण्याची सोय २०१७ मध्ये बंद झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये जुनेही पुसले गेले.

काही दिग्दर्शक चहूबाजूंनी पाहता येणाऱ्या चित्रणाकडे वळले. ख्रिस मिल्कने तर आभासी वास्तवासाठी कंपनीच काढली, आणि ती पुढे मेटाने विकत घेतली. यूट्यूबने मार्च २०१५ मध्ये अशा चित्रणाची सोय केली, आणि त्याच वर्षी ब्योर्क या गायिकेचा अँड्र्यू थॉमस हुआंग दिग्दर्शित ‘स्टोनमिल्कर’ आला. आइसलँडच्या समुद्रकिनाऱ्यावर गायिका आपल्याभोवती फिरत गाते, आणि तिला पाहण्यासाठी आपल्याला वळावे लागते. त्या गाण्याला ते शोभते. पुष्कळ इतर व्हिडिओंत मात्र मान वळवल्यावर रिकामी भिंतच दिसते. वळून पाहण्यात काही गवसणार नसेल आणि काही हुकणारही नसेल, तर प्रेक्षक दुसऱ्या मिनिटाला वळणे सोडून देतो.

प्रश्न : आपण सुचवलेले काही जुने व्हिडिओ उघडत नाहीत, किंवा अर्धवट उघडतात. इतक्या गाजलेल्या कलाकृती पंधरा वर्षेही टिकू नयेत? — चित्रपट अभ्यासक, लॉ कॉलेज रस्ता

उत्तर : आपण ज्या रस्त्यावर राहता, तेथे हा प्रश्न अधिकच टोचत असणार. त्याच रस्त्यावरील, १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात प्रभातच्या काळातील रिळे योग्य तापमानात आणि आर्द्रतेत सांभाळली जातात, कारण फिल्म ही वस्तू आहे आणि प्रकाशासमोर धरली की तिच्यावरचे चित्र कोणत्याही काळात दिसते. इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ ही अशी एक वस्तू नसते. त्यात चित्रण असते, त्याला हलवणारी आज्ञावली असते, ती चालवणारा ब्राउझर असतो, आणि अनेकदा दुसऱ्याच्या मालकीच्या सेवा असतात. यांपैकी एक जरी बदलली तरी कृती मुकी होते.

‘निऑन बायबल’ ब्राउझरमध्ये हलती चित्रे चालवणाऱ्या ज्या फ्लॅश तंत्रावर चाले, त्याचा आधार ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला, आणि त्या एका दिवसाने संपूर्ण पिढीचे प्रयोग बंद पाडले. जपानी बँड ‘सावर’च्या ‘मिरर’ (२०१०) या व्हिडिओसाठी मासाशी कावामुरा या दिग्दर्शकाने प्रेक्षकाचे फेसबुक आणि ट्विटर खाते जोडून घेतले होते. त्या कंपन्यांनी आपली दारे किती उघडी ठेवायची याचे नियम पुढे बदलले, आणि असे काम त्यांच्या मर्जीवर राहिले. फ्लॅशसाठी ‘रफल’ नावाचे खुले साधन आता उपलब्ध आहे. ते पुष्कळ जुन्या कृती नव्या ब्राउझरमध्ये पुन्हा चालवून दाखवते. इतरांच्या बाबतीत कोणीतरी पाहताना पडद्याचे केलेले ध्वनिचित्रमुद्रण, एवढाच पुरावा हाती राहतो. तो अभ्यासाला उपयोगी पडतो, पण त्यात दुसऱ्याने केलेल्या निवडी आपण बघत बसतो.

प्रश्न : मुलगी असे व्हिडिओ पाहते तेव्हा कॅमेरा सुरू करण्याची, ठिकाण कळवण्याची परवानगी मागितली जाते. द्यावी का? — पालक, औंध

उत्तर : सरसकट देऊ नये. परवानगी मागणारे पान कोणाचे आहे, चित्र त्याच फोनवर वापरले जाणार आहे की बाहेर पाठवले जाणार आहे, आणि परवानगी नाकारली तरी व्हिडिओ चालतो का, हे पाहावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. पाहून झाल्यावर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन दिलेली परवानगी काढून घेता येते, हे मुलीलाही दाखवून ठेवा.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र मिळून गाणी करतो. आमच्या नव्या गाण्यात एक मुलगा स्वारगेटहून एसटीने साताऱ्याला घरी निघाला आहे. नोकरी सुटली आहे आणि ते घरी सांगायचे कसे, हा त्याच्या डोक्यातला विचार आहे. गाणे सोबत पाठवत आहोत. याचा इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ करायचा आहे, पैसे फार नाहीत. प्रेक्षकाने मुलाचा निर्णय ठरवावा, अशी आमची कल्पना आहे. — गायक-वादक, कर्वेनगर

उत्तर : गाणे ऐकले. चाल साधी आहे, आणि दुसऱ्या कडव्यानंतर येणारा नुसत्या बासरीचा तुकडा फार चांगला आहे. परंतु प्रेक्षकाने निर्णय ठरवावा, ही कल्पना सोडून द्यावी असे मी सुचवेन. तुमच्या गाण्यातला मुलगा शेवटपर्यंत काही ठरवत नाही. तो फक्त प्रवास करतो. त्याने न घेतलेला निर्णय प्रेक्षकाकडून घेतला, तर गाणे एक सांगेल आणि चित्र दुसरे. शिवाय दोन शेवट चित्रित करण्याचा खर्च येईल तो वेगळाच.

त्याऐवजी प्रेक्षकाला एकच गोष्ट करू द्या: मान वळवणे. बसमध्ये दोन बाजूंना दोन खिडक्या आहेत. बोट डावीकडे सरकवले की डावी खिडकी, उजवीकडे सरकवले की उजवी. एका खिडकीत बाहेरचा खरा रस्ता, धाबे आणि डोंगर दिसू द्या. दुसरीत तोच रस्ता, पण काचेवर मुलाचे प्रतिबिंब आणि अधूनमधून वाजणारा, त्याने न उचललेला फोन. एका बाजूला पाहत राहिले की दुसऱ्या बाजूचे काहीतरी हुकतेच, आणि घरी काय सांगावे व काय लपवावे या घालमेलीत असलेल्या माणसाचीही अवस्था तशीच असते. कात्रजचा बोगदा त्या बासरीच्या तुकड्यावर येईल असे बसवा. तेवढा वेळ दोन्ही खिडक्या काळ्या होतील, बोट कितीही सरकवले तरी काही बदलणार नाही, आणि प्रेक्षकाला नाइलाजाने नुसते ऐकावे लागेल. सगळ्या व्हिडिओत मला हीच जागा सर्वांत मोलाची वाटते.

चित्रणाविषयी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. दोन्ही खिडक्यांचे चित्रण एकाच फेरीत, दोन कॅमेऱ्यांनी, एकाच वेळी करा. वेगवेगळ्या दिवशी केले तर बसचा वेग जुळणार नाही आणि ऊन तर मुळीच जुळणार नाही. साताऱ्याकडे जाताना आपण दक्षिणेला जात असतो, त्यामुळे सायंकाळचे ऊन उजव्या खिडकीतून येते आणि डावी बाजू सावलीत राहते. प्रतिबिंब काचेवर नीट दिसण्यासाठी मुलाला कोणत्या बाजूला बसवायचे, ते यावरून ठरवा. धावत्या एसटीत परवानगीशिवाय चित्रण करू नका. भाड्याची छोटी बस घेतली तरी चालेल, कारण व्हिडिओत दोन्ही खिडक्यांखेरीज बसचे विशेष काही दिसणार नाही. गाणे एकसमान लयीत ध्वनिमुद्रित झालेले आहे ना, याची खात्री करा. बसमध्ये तेच वाजवत राहा, आणि प्रत्येक चित्रणाच्या आरंभी टाळी द्या, म्हणजे संकलनात दोन्ही चित्रे जुळवता येतील.

आता तंत्राविषयी. दोन वेगळ्या फाइली एकाच वेळी चालवून त्यांच्यात अदलाबदल करण्याच्या भानगडीत पडू नका. फोनवर त्या हमखास मागेपुढे होतात. एकाच फाइलीत दोन्ही चित्रे शेजारीशेजारी बसवा आणि ब्राउझरमध्ये त्यांतील एकच अर्धा भाग दिसू द्या. बोट सरकवले की दिसणारा भाग सरकेल, आणि फाइल एकच असल्यामुळे ताळमेळ बिघडण्याचा प्रश्नच राहणार नाही. तरीही बदल बोट सरकवताक्षणी न होता पुढच्या मात्रेवर व्हावा, अशी आज्ञा अभियंता मित्राकडून लिहून घ्या. हा अर्ध्या-पाऊण सेकंदाचा उशीर प्रेक्षकाला खटकत नाही, उलट आपणच लयीत वळलो असे त्याला वाटते. ध्वनीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: प्रेक्षकाने स्पर्श केल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू होऊ देत नाहीत. म्हणून पहिल्याच पडद्यावर काहीतरी दाबायला द्यावे लागेल, आणि ते वाहकाचे तिकीट असेल तर सूचना वेगळी लिहावी लागणार नाही.

फाइलीचा आकारही आधीच ठरवा. सेकंदाला २ मेगाबिट या दराने चार मिनिटांचा व्हिडिओ सुमारे ६० मेगाबाइट भरतो. फोनवर पाहणाऱ्याला तो सोसतो. याच्या दुप्पट झाला की अर्धे लोक पहिल्या कडव्याआधीच निघून जातील. यूट्यूबवरही गाणे टाका, पण तेथे साधे, तुम्ही स्वतः संकलित केलेले रूप ठेवा आणि खाली स्वतःच्या पानाचा दुवा द्या. महाविद्यालयात असताना फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी चित्र, नाच आणि वाद्ये एकाच प्रयोगात गुंफणारी मुले तुमच्या ओळखीत असतीलच. त्यांना सोबत घ्या, कारण एकाच वेळी दोन ठिकाणी काय घडते आहे याचे भान त्यांना रंगमंचावरून आलेले असते.

बस ठरवण्यापूर्वी मात्र एक कच्चा नमुना करा. रिक्षात किंवा मित्राच्या गाडीत बसून दोन फोनांनी दोन्ही बाजूंचे चित्रण करा, ते वर सांगितल्याप्रमाणे जोडा, आणि या कामाशी काहीही संबंध नसलेल्या पाच-सहा जणांच्या हातात फोन द्या. त्यांना काही समजावून सांगू नका. ‘यात मी काय करायचे?’ असे त्यांनी विचारले, तर पडद्यावरचे चित्र पुरेसे बोलत नाही असे समजून ते बदला. बोगद्यात त्यांनी बोट सरकवणे थांबवले का, हेही पाहा. न थांबता ते पडद्यावर टकटक करत राहिले, तर बासरीचा तुकडा चार मात्रांनी लांबवा किंवा काळोख होण्याआधी क्षणभर बोगद्याचे तोंड दोन्ही खिडक्यांत दिसू द्या. हे जमल्यावर भाड्याच्या बसची चौकशी करा.